बिनआवाजाचा पंखा

“परत,” एन्नो म्हणाला.

गेसाने चष्मा नाकावर सरकवला आणि पडद्यावरचं वाक्य पुन्हा वाचलं. “आमच्या काकांच्या बागेत सात पिवळी कारंजी आहेत.” वाक्य संपतं न संपतं तोच तांबडी फुली उमटली आणि तिच्याखाली तीच सूचना आली: मागचा आवाज फार आहे, खोली शांत करा.

“कुणाच्या काकांच्या बागेत सात कारंजी असतात रे?” गेसा म्हणाली. “माझा आवाज गेला की हा आवाज वापरायचा ना? मग मी काय कारंज्यांबद्दल बोलत बसणारे?”

“सगळे उच्चार यावेत म्हणून अशी वाक्यं असतात.”

“मग ‘एन्नो, पाय पुसून आत ये’ यात कुठला उच्चार कमी पडतो?”

एन्नो हसला नाही. बारा वाक्यं वाचून झाली होती आणि बाराही फुल्या आल्या होत्या. त्याने खिडकी लावली, भिंतीवरचं घड्याळ काढून न्हाणीघरात नेऊन ठेवलं, फ्रिजची पिन काढली. तेराव्या वाक्यालाही फुली आली. मग तो गुडघे टेकून टेबलाखाली वाकला आणि कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्याला कान लावला. पाठीमागचा तळहाताएवढा पंखा घुमत होता. सात वर्षं तो तसाच घुमत आला होता, पण आजवर त्याच्याकडे कुणी कान दिला नव्हता.

उत्तर जर्मनीतल्या लेअर गावच्या स्टेशनजवळच्या बेकरीत गेसाने सव्वीस वर्षं गल्ल्यावर काढली होती. तिचा आवाज मोठा होता. रांगेत शेवटी उभ्या असलेल्या माणसाला “मोइन,” असा तिकडचा नमस्कार घालून “तुमचा काळा पाव बाजूला काढून ठेवलाय हो,” असं ती गल्ल्यावरूनच सांगायची आणि ते रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानातही ऐकू जायचं. फेब्रुवारीत तिला जीभ जड वाटायला लागली. दाताच्या कवळीमुळे असेल म्हणून कवळी बदलून झाली. एप्रिलमध्ये ओल्डेनबुर्गच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. स्नायू हलवणारे चेतातंतू एकेक करून मरत जातात. तिच्या बाबतीत सुरुवात जिभेपासून झाली होती, म्हणून आधी बोलणं जाणार, मग गिळणं, मग श्वास. औषध नाही. किती दिवस, हे डॉक्टर बोलले नाहीत. आवाजाचं मात्र लगेच मनावर घ्या म्हणाले.

वाचा-उपचार करणाऱ्या ओल्सेनबाई दर मंगळवारी घरी यायला लागल्या. तिशीतल्या, सरळ बोलणाऱ्या. त्यांनी समजावून सांगितलं की तीनशे वाक्यं शांत खोलीत वाचून कॉम्प्युटरवर भरली की त्यांतून तिचा आवाज तयार होतो. पुढे बोलता येईनासं झालं की गेसाने बोटांनी लिहायचं आणि यंत्राने तिच्या आवाजात बोलायचं. इस्पितळातल्या बंद खोलीत हे करायचं तर पाच आठवडे थांबावं लागणार होतं. “घरीच करा,” त्या म्हणाल्या. “फक्त एक लक्षात ठेवा. आज वाचलं तर आजचा आवाज मिळेल. पुढच्या महिन्यात वाचलं तर पुढच्या महिन्याचा.”

त्या तेरा फुल्या आल्या तो दिवस चोवीस एप्रिलचा.

एन्नो हार्म्स वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाला होता. खाटकांचे काटे, पेट्रोलपंप, बटाट्याच्या पोत्यांची वजनं, चौतीस वर्षं त्याने हेच तपासलं. जिल्ह्यात त्याला ‘पाच ग्रॅमवाला हार्म्स’ म्हणत, कारण पाच ग्रॅमच्या फरकापायी त्याने सख्ख्या मेव्हण्याचा काटा सील केला होता. मेव्हणा पुढे दोन नाताळ घरी आला नाही. गेसा ही हकिगत रंगवून सांगायची आणि शेवटी म्हणायची, “आणि माझ्याशी लग्न करताना याने किती वर्षं मोजलं असेल, विचारा.” उत्तर चार वर्षं असं होतं.

त्याच दिवशी दुपारी एन्नोने पंखा काढला, ब्रशने धूळ झाडली, तेलाचा थेंब सोडला. घुमणं कमी झालं, पण आता टिकटिक यायला लागली. संध्याकाळी तो फोल्कर्टच्या दुकानात गेला.

फोल्कर्ट बेरेन्ड्स कॉम्प्युटर विकायचा आणि दुरुस्त करायचा. दुकान त्याच्या वडिलांचं, पूर्वी खाटकाचं; भिंतीवर पांढऱ्या फरशा अजून तशाच होत्या. पन्नाशीचा, अंगाने आडवा माणूस. एन्नोला पाहून त्याने दोन्ही हात वर केले. आता इथे काटा नाही साहेब, तो म्हणाला, पकडण्यासारखं काही उरलं नाही. एन्नोने काय हवं ते सांगितलं. कशासाठी हवं ते सांगितलं नाही. आजाराबद्दल बोलायची त्याला अजून सवय झाली नव्हती.

फोल्कर्टने दोन खोके पुढे केले. एकावर चौदा डेसिबल लिहिलं होतं, दुसऱ्यावर सोळा.

“हे मोजलं कुठून?” एन्नोने विचारलं. “एक मीटरवरून की अर्ध्या?”

“ते कोण सांगतं?”

“मग या आकड्याला अर्थ काय?”

“हार्म्ससाहेब, पंखा आहे हा. किलोवर विकत नाही मी.”

पण एन्नोचं डोकं तिथेच अडकलं. दोन कंपन्या आपापल्या परीने मोजतात आणि खोक्यावर आकडा छापतात, त्यावर कुणाचा शिक्का नाही, कुणाची तपासणी नाही, हे त्याला सहन होईना. त्याने दोन्ही पंखे घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो जुन्या कचेरीत गेला आणि तिथल्या सहकाऱ्याकडून तपासून शिक्का मारलेला ध्वनिमापक महिन्याच्या बोलीवर घेऊन आला. येताना चौकटीची वहीही आणली.

पहिला पंखा हवा चांगली फेकायचा, पण त्याची पाती डब्याच्या जाळीशी येऊन शिट्टीसारखी वाजत. एन्नोने पत्रा कापायच्या कात्रीने मागची जाळी कापून काढली आणि कडा कानशीने घासल्या. शिट्टी गेली, मोटरची किरकिर मागे राहिली. दुसरा पंखा मंद फिरताना शांत असे; कॉम्प्युटर तापून त्याने वेग घेतला की सगळा डबा त्याच्याबरोबर थरथरायचा. तिसरा फोल्कर्टने मागवला, त्याला यायला चार दिवस लागले. त्याला स्क्रूऐवजी रबरी खुंट्या होत्या. तो इतका हळू फिरायचा की अर्ध्या तासात कॉम्प्युटर तापून बंद पडला. चौथा आला तो उभा धरला की मुका आणि आडवा धरला की बोलका. एन्नोने वहीत रकाने आखले: पात्यांची लांबी, मिनिटाला फेरे, डब्याच्या आतलं तापमान, एक मीटरवरचा आवाज, अर्ध्या मीटरवरचा आवाज. प्रत्येक पंखा तीन वेळा मोजायचा आणि सरासरी काढायची. एका मापावर निकाल द्यायचा नाही, हे त्याने चौतीस वर्षं नव्या भरतीला शिकवलं होतं.

मोजायची वेळ सकाळी दहाची, कारण तेव्हा रस्ता शांत असे. फ्रिज बंद, घड्याळ न्हाणीघरात, खिडक्या लावलेल्या. गेसाने स्वयंपाकघरात बसायचं आणि बारा मिनिटं बोलायचं नाही, खुर्चीही सरकवायची नाही. मापकाबरोबर तो मायक्रोफोनवर खोलीचा आवाजही भरून घ्यायचा, म्हणजे नंतर पंख्यांची तुलना करता येईल.

पहिले काही दिवस गेसाला याची गंमत वाटली. तिसऱ्या दिवशी ती मध्येच खुदकन हसली आणि माप फुकट गेलं. एन्नोने ते खोडून बाजूला ‘बाद, गेसा हसली’ असं लिहिलं आणि भरलेला आवाज पुसून टाकला. पाचव्या दिवशी ती चहा गार होतोय म्हणून ओरडली. तेही बाद. साय घातलेला चहा परत गरम करता येत नाही, यावरून त्यांची थोडी वादावादी झाली. त्यानंतर ती गप्प बसायची.

चौदाव्या की पंधराव्या दिवशी ती स्वयंपाकघरातून उठून दारात आली. एन्नो मापकावर डोळे लावून बसला होता, चौथ्या पंख्याचं तिसरं माप चाललं होतं.

“एन्नो,” ती म्हणाली. “माझा ‘स’ येत नाहीये.”

एन्नोने वर न बघता हात उंचावला. थांब. हे माप बाद, परत चार मिनिटं.

ती दारात उभी राहिली. चार मिनिटं झाली, त्याने आकडा वहीत उतरवला, मग विचारलं, काय म्हणत होतीस? काही नाही, ती म्हणाली. त्या ‘नाही’मध्ये त्याला काही वेगळं ऐकू आलं नाही.

ओल्सेनबाई त्या मंगळवारी आल्या तेव्हा एकही वाक्य भरलेलं नव्हतं. त्यांनी गेसाला जीभ बाहेर काढायला सांगितली, डावीउजवीकडे हलवायला सांगितली, आणि नंतर बाहेर दाराशी एन्नोला म्हणाल्या की थोडा आवाज मागे राहिला तरी चालेल, सुरुवात करा. कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅमला ते चालत नाही, एन्नो म्हणाला. त्याने फुल्या पाहिल्या होत्या. शिवाय पाचवा पंखा वाटेत होता. तो ऑस्ट्रियातून येत होता आणि त्याच्याबद्दल एन्नोने सगळं वाचलं होतं.

पाचवा पंखा सतरा मेला आला. खाकी रंगाचा, कुरूप. एन्नोने तो लावला, कॉम्प्युटर सुरू केला आणि त्याला वाटलं चालूच झाला नाही. मापकावर पंखा चालू असतानाचा आणि बंद असतानाचा आकडा एकच आला. त्याने तीनदा मोजलं. मग तो स्वयंपाकघरात गेला आणि गेसाला म्हणाला, चल, झालं.

ती टेबलाशी बसली आणि पहिलं वाक्य वाचलं. तांबडी फुली आली नाही, हिरवी खूण आली. खोली पूर्ण शांत असल्याचा निर्वाळाही मिळाला. आणि त्या शांततेत एन्नोने बायकोचा आवाज तेवीस दिवसांनी पहिल्यांदा नीट ऐकला. ‘सात’ मधला ‘स’ फुसफुसत कुठेतरी बाजूला जात होता. ‘कारंजी’ मधला ‘र’ नव्हताच. वाक्याच्या शेवटी आवाज नाकात चढत होता. ती रोज त्याच्याशी बोलत होती, दिवसाला केसभर बदलत होती, आणि तो पंख्याकडे कान लावून बसला होता.

“पुढचं,” गेसा म्हणाली.

आठवडाभर ती रोज वाचत होती. दहा वाक्यांनंतर लाळ पुसावी लागे, वीस वाक्यांनंतर पडून राहावं लागे. एकशे चाळीस वाक्यं झाली. एकशे एकेचाळिसाव्याला तिने तीन वेळा तोंड उघडलं आणि मग पडद्यावरून नजर काढून घेतली.

पहिल्या दिवसाची वाक्यं आठवून एन्नोने कॉम्प्युटर चाळला. ती फुल्यांबरोबर आपोआप पुसली गेली होती. त्याने आपल्या मापांचे आवाज शोधले. पंख्यांचे सगळे होते, चार-चार मिनिटांचे, क्रमांक घातलेले. तिचं हसणं नव्हतं. चहाचं ओरडणं नव्हतं. बाद झालेलं माप ठेवायचं नाही, हाही त्याचाच नियम.

जूनच्या सुरुवातीला तो उरलेले चार पंखे परत द्यायला फोल्कर्टकडे गेला. या वेळी त्याने सांगितलं, कशासाठी हवे होते ते. फोल्कर्टने काउंटरवरच्या फडक्याची घडी घातली. मग म्हणाला, “आधी बोलला असतात तर.”

“तर काय?”

“काही नाही.”

“बोल.”

“मायक्रोफोनला पाच मीटरची वायर लावली असती. पडद्यालाही. डबा ठेवायचा शेजारच्या खोलीत आणि मध्ये दार लावून घ्यायचं. दहा मिनिटांचं काम होतं, साहेब.”

एन्नोने मान हलवली. चारही खोके काउंटरवर एका रेषेत लावले आणि बाहेर पडला. दुकानापासून घर वीस मिनिटांवर होतं, तो पावणेदोन तासांनी पोचला. कुठून फिरून आला ते त्याला नंतर सांगता आलं नाही. बुटांना नदीच्या बंधाऱ्यावरची माती होती.

त्याने गेसाला सगळं सांगितलं. तो लपवणाऱ्यांतला नव्हता. वायरचं सांगितलं, दारातलं ते थांबवणं आपल्याला आठवतंय असं सांगितलं. क्षमा हा शब्द त्याला उच्चारता आला नाही, तो म्हणाला, “माझी चूक झाली. मोठी.”

गेसा तोवर बोलू शकत होती, पण बाहेरच्याला कळेल असं नाही. एन्नोला कळायचं. ती थांबत थांबत बोलली.

“डबा दुसरीकडे ने, असं मी दुसऱ्याच दिवशी म्हणणार होते.”

“मग?”

“ती वाक्यं वाचताना वाटायचं, शवपेटीवाल्याला माप देतेय.” तिने रुमालाने ओठ टिपले. “म्हटलं, याचा पंखा चाललाय तोवर चालू दे. सकाळी उठून तू काहीतरी करत होतास. मी खुर्चीत बसून तुला बघायचे. जसं काही कुणी आजारीच नाही.”

“मला सांगायचंस.”

“सांगायला आले होते,” ती म्हणाली. “एकदा.”

तिने चहा ओतला. हात अजून चालत होते.

ओल्सेनबाईंनी एकशे चाळीस वाक्यांतून आवाज तयार करून आणला. जुलैत यंत्र मिळालं, पाटीएवढं, मांडीवर ठेवायचं. गेसाने त्यावर काहीतरी लिहिलं आणि यंत्र बोललं. आवाज तिचाच होता, शंका नव्हती. पण जिभेला दगड बांधल्यासारखा, शब्दाच्या कडा विरघळलेला. गेसाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग लिहिलं आणि त्याच आवाजाने ते वाचून दाखवलं: “ही बाई दुपारपासून पीत बसलेली दिसते.” ओल्सेनबाईंना हसावं की नाही ते कळेना. गेसाने यादीतल्या तयार आवाजांपैकी तिसरा निवडला. स्पष्ट, नीटस, कुठल्याही गावचा नसलेला बाईचा आवाज.

एकच गोष्ट तिने आपली ठेवली. वाचनाच्या तिसऱ्या दिवशी एका वाक्यानंतर थकून तिने एन्नोला हाक मारली होती आणि मायक्रोफोन सुरूच राहिला होता. नुसतं “एन्नो.” त्यात ‘स’ नव्हता, ‘र’ नव्हता, आणि मागे कसलाही आवाज नव्हता. ओल्सेनबाईंनी तो तुकडा कापून यंत्राच्या एका बटणावर बसवला. त्यामुळे पुढे त्या घरात असं व्हायचं: गेसा हाक मारायची आपल्या आवाजात, आणि खिडकी लाव, किंवा उशी वर घे, किंवा एवढा घाबरू नकोस, हे म्हणायची ती दुसरीच बाई.

ऑगस्टमध्ये ती एकदा बेकरीत गेली. तिच्याबरोबर अठरा वर्षं काम केलेली हिल्के गल्ल्यावर होती. यंत्राने काळा पाव मागितला तेव्हा हिल्के एकेक शब्द तोडून, मोठ्याने बोलायला लागली, कापून देऊ का, पिशवी आणलीय का. दुकानातली माणसं वळून बघायला लागली. गेसाने सावकाश लिहिलं. “हिल्के, मी बहिरी नाही झाले. तू मात्र पूर्वीसारखाच पाव जाड कापतेस.” हिल्के रडत रडत हसली आणि पाव पातळ कापला. गेसाला तो गिळता येणार नव्हता. तिने तो एन्नोसाठी घेतला होता.

हिवाळ्यात हात गेले. मग ती यंत्र डोळ्यांनी चालवायची, नजर ज्या अक्षरावर थांबेल ते उमटायचं. शेवटी शेवटी वाक्यं लिहायचं त्राण राहिलं नाही, तेव्हा ती फक्त त्या एका बटणाकडे बघायची. एन्नो यायचा आणि तिला काय हवं असेल ते एकेक करून विचारायचा. पुष्कळदा काहीच नको असायचं. मार्चच्या नऊ तारखेला सकाळी, नर्स अंथरूण बदलून गेल्यावर, ती गेली. एन्नो खुर्चीत बाजूलाच होता. बाहेर दाराशी टपालवाला घंटा वाजवत होता, आणि एन्नोने दार उघडायला वेळ लावला.

यंत्र विमा कंपनीचं होतं, परत करायचं होतं. एन्नोने ते मऊ फडक्याने पुसलं, चार्जरची वायर गुंडाळून रबर लावलं आणि गाडीने ओल्डेनबुर्गला घेऊन गेला. ओल्सेनबाईंनी त्याला बसायला सांगितलं. त्यांनी पोचपावती लिहिली, यंत्र सुरू केलं आणि त्यातली साठवलेली वाक्यं पुसायला घेतली. पुढच्या माणसाला ते रिकामं द्यावं लागतं, त्या म्हणाल्या. यादीत एकजण आहे, शाळेत मास्तर होता. एन्नो म्हणाला, लवकर द्या त्याला.

एका जागी त्यांचं बोट थांबलं.

“हे एक तुम्हाला उतरवून देऊ का? आवाज आहे तिचा. सेकंदभराचाच आहे.”

बाहेरच्या पाटीवर पुढच्या पेशंटचा नंबर लागला होता. एन्नोने होकाराची मान हलवली.

ओल्सेनबाईंनी कॉम्प्युटरला वायर जोडली. पडद्यावर एक रिकामी चौकट आली. साठवायचं तर काहीतरी नाव द्यावं लागेल, त्या म्हणाल्या. काय लिहू?

“एन्नो,” तो म्हणाला. आणि त्या लिहायला लागल्या तेव्हा पुढे म्हणाला, “मधला ‘न’ दोनदा.”